चांद्याचं कपाट

फोन आला तेव्हा मी चुलीपाशी बसून कलाचा गाऊन शेकत होतो. त्या आठवड्यात आमच्याकडे काहीच वाळत नव्हतं. दोरीवरचे कपडे काढले तरी हाताला गार लागायचे आणि त्यांना कुबट वास यायचा. हॉस्पिटलात तिला कोरडा गाऊन हवा होता, म्हणून आदल्या दिवशी शेवटच्या एसटीने मी गोव्याहून घरी आलो होतो आणि सकाळच्याच गाडीने परत निघणार होतो.

मोबाइलला घरात एकाच जागी रेंज यायची, पडवीतल्या खिडकीत. तो तिथेच ठेवलेला असायचा आणि तिथेच उभं राहून बोलावं लागायचं. मी गाऊन हातात घेऊनच गेलो. फोनवर माझी मुलगी वनिता होती. ती आणि जावई आईजवळ थांबले होते.

ती म्हणाली, "बाबा, आई गेली."

मी म्हटलं, "मी गाऊन घेऊन निघतोच आहे."

ती मग म्हणाली, "आता तुम्ही येऊ नका. आम्हीच घेऊन येतो."

न्यूमोनिया बरा होत आला होता. आदल्या दिवशी तिने पेज मागून घेतली होती. वनिता आणखी बरंच सांगत होती, पहाटे काय झालं, डॉक्टर काय म्हणाले, कागद व्हायचे आहेत, गाडी मिळायची आहे, दुपारपर्यंत पोचू. मी हो हो म्हणत होतो. फोन ठेवल्यावर परत चुलीपाशी गेलो आणि गाऊनची दुसरी बाजू शेकून काढली. मग त्याची घडी घातली.

मागच्या अंगाला माझ्या थोरल्या भावाचं घर. भाऊ केव्हाच गेला, सुलोचना वहिनी एकटी असते. तिला जाऊन सांगितलं. ती पायरीवर बसली, पदर तोंडाला लावला, आणि लगेच उठलीही. शेजारच्या बाबलोला हाक मारून तिने लाकडं, बांबू, भटजी अशी कामं लावून दिली. आमची स्मशानाची जागा खाडीच्या कडेला आहे आणि भरतीला तिकडची वाट पाण्याखाली जाते. त्या दिवशी भरती संध्याकाळची होती. त्याआधी नेलं नाही तर दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावं लागलं असतं.

हे सगळं बोलून झाल्यावर वहिनीने विचारलं, "भावजीनू, म्हायेरचा लुगडा?"

सवाष्ण गेली की तिला माहेरचं लुगडं नेसवून पाठवायचं, अशी आमची रीत. साडी असली तरी अशा वेळी म्हणायचं लुगडंच. माहेरचा माणूस ते घेऊन येतो, ते नेसवतात आणि मगच उचलतात. इथल्याच पंचक्रोशीतली सून असली तर प्रश्न नसतो. कलाचं माहेर चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला. तिचा धाकटा भाऊ मारोती अजून तिकडेच असतो. मी तिकडे कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होतो, लग्न तिकडेच झालं, मुलगी तिकडेच वाढली. निवृत्त झाल्यावर आम्ही गावी आलो. नकाशात बघितलं तर आम्ही एका टोकाला आणि तिचं माहेर दुसऱ्या टोकाला.

आम्ही गावी आल्यानंतर वाडीतली एक बाई गेली होती. तिचा भाऊ घाटावरून लुगडं घेऊन निघाला तो भरती लागेपर्यंत पोचला नाही. बाईला रात्रभर पडवीत ठेवावं लागलं. कला तिच्या उशाशी बसून होती. सकाळी घरी आली ती सरळ कपाटाकडे गेली. तिच्या आईने शेवटची घेऊन दिलेली एक हिरवी साडी होती, घडीही न मोडलेली. ती तिने मांजरपाटाच्या फडक्यात बांधून वरच्या खणात ठेवली आणि मला बोलावून दाखवली.

"मारोती काही वेळेवर पोचणार नाही जी. हे आईचं आहे, तं हेच माहेरचं समजा. मला पडवीत थांबवू नका."

मी म्हटलं, आधी मीच जाणार आहे.

"बरं, तुम्ही जा," ती म्हणाली. "पण साडी कुठे आहे ते पाहून ठेवा."

म्हणजे वहिनीने विचारलं तेव्हा मला शोधाशोध करायची नव्हती. कपाट उघडायचं आणि गाठोडं काढून द्यायचं, एवढंच काम होतं.

ते कपाट कलाच्या वडिलांनी स्वतः केलेलं. सासरे सुतार होते, आणि मारोतीही सुतार. वनखात्याच्या लिलावात घेतलेला साग त्यांनी किती तरी उन्हाळे छपराखाली वाळवला आणि मुलीच्या लग्नात हे दोन दारांचं उभं कपाट करून दिलं. दोन दारं मिटली की मधल्या फटीत पोस्टकार्ड जायचं नाही. लग्नात सासरे येईल त्याला पोस्टकार्ड घालून बघायला सांगत होते. चांद्याच्या हवेत ते कपाट आयुष्यभर तसंच राहिलं. आम्ही ते ट्रकमधून समुद्राकाठी आणलं आणि पहिल्याच पावसाळ्यात त्याची दारं एकमेकांत रुतून बसली. साग, आणि इतका वाळलेला. इथली हवा त्याने पाण्यासारखी पिऊन घेतली. आमचं आडनाव मेस्त्री, म्हणजे सुतारच, पण माझी सगळी नोकरी लोखंडात गेली. लोखंड गंजतं एवढं मला माहीत होतं. लाकूड फुगतं आणि परत आकसतं, दर वर्षी, हे मी त्या कपाटाकडून शिकलो. कला म्हणायची, "मी अन् कपाट, दोघंही इथं येऊन फुगलो जी."

त्यावर तिने स्वतःच उपाय काढला होता. मृग लागायच्या आधी ती खालच्या खणात कोळशाच्या टोपल्या ठेवायची, वरच्या खणांत वेखंड आणि कडुनिंबाचा पाला. दारं मात्र दिवाळीपर्यंत पूर्ण मिटू द्यायची नाही. मध्ये गोणपाटाची घडी अडकवून ठेवायची. वाडीतल्या बायका हसायच्या. चांद्याच्या वयनीच्या कपाटाला पण दम लागतो, म्हणायच्या.

मी खोलीत गेलो तर गोणपाट नव्हतं. दारं मिटलेली होती आणि किल्ली कुलपात लोंबत होती.

मी वहिनीला विचारलं. आम्ही गोव्याला असताना तिने घर झाडून पुसून ठेवलं होतं. कला बरी होऊन येणार म्हणून.

"उघडा दिसला म्हणान लावलंय," ती म्हणाली. "उंदीर जातले म्हणान. माका काय म्हायत?"

बोलता बोलताच तिच्या लक्षात आलं. तिने हात पुढे करून किल्ली फिरवली. कुलूप सुटलं. दार सुटलं नाही. तिने मूठ धरून ओढलं, मग मी ओढलं. सगळं कपाट आमच्या अंगावर आल्यासारखं हललं, पण दारं होती तशीच. मधल्या फटीचा पत्ता नव्हता. बोट फिरवलं तर एक सलग फळी असल्यासारखं लागत होतं.

ती म्हणाली, तुम्ही बाहेर बसा, माणसं येताहेत. मी बसलो नाही.

आधी मी पातळ स्क्रूड्रायव्हर घालून बघितला. टोक शिरलं तिथे लाकडाचा ढलपा निघाला, तो बघून हात थांबला. मग डोक्यात आलं, ओल्याने फुगलंय तर उष्णतेने आकसेल. लांब वायरीला मोठा बल्ब लावून मी तो दाराच्या फटीपाशी धरून उभा राहिलो. हात भरून आला की दुसऱ्या हातात घ्यायचा. मध्येच वीज गेली. मग घमेल्यात चुलीतले निखारे आणून कपाटासमोर ठेवले. वहिनी घमेल्याकडे बघत दारात उभी राहिली. आत कोळशाच्याच टोपल्या आहेत, कपडे आहेत, ती म्हणाली, आज घराला आग लावायची आहे का. मी घमेलं मागे ओढलं, परत पुढे ढकललं, परत मागे ओढलं. दाराला हात लावून बघितला. वरून गरम लागत होतं. आतलं लाकूड जिथल्या तिथे होतं. आठवडाभर जे ते प्यालं होतं ते एका सकाळीत परत देणार नव्हतं.

बाहेर पडवीत माणसं जमली होती. मी मध्येच बाहेर जायचो, कुणीतरी सरकून जागा करायचं, मी टेकायचो आणि परत उठायचो. कुणी म्हणालं, बसू दे रे त्याका. कुणी म्हणालं, नको, करू दे काय करता ता. पाऊस जोराचा नव्हता, नुसती बुरबुर होती. काडेपेटीच्या काड्या पेटत नव्हत्या. समई लावायला वहिनीने चुलीतलं लाकूड आणलं.

वनिताचा फोन आला. गाडी मिळाली, निघालो. मी तिला कपाटाचं सांगितलं. ती म्हणाली, बाबा, फोडा. मी म्हटलं, बघतो.

मग मी मारोतीला फोन लावला. कलाला तो बाई म्हणायचा. त्याला वनिताने आधीच कळवलं होतं. तो नागपूरच्या गाडीची वाट बघत स्टेशनवर बसला होता. मोठ्या माणसाचं रडणं फोनवर कसं ऐकायचं ते मला माहीत नव्हतं. मी खिडकीबाहेर बघत थांबलो.

शेवटी तो म्हणाला, "परवाच्या आत पोचत नाही, भाऊजी. बाईले ठेवू नका. आईनं देलेली साडी तेवढी घाला तिले. तिनं मले सांगून ठेवलं आहे."

मी त्याला सांगितलं की साडी कपाटात आहे आणि कपाट मिटलंय.

"तं फोडा."

"तुझ्या बाबांनी केलेलं आहे ते."

"बाबानं बाईसाठी केलं. बाईच नाही तं कपाटाचं काय लोणचं घालता?" मग आवाज जरा खाली आणून तो म्हणाला, "बाबा असते तं त्यांनीच पहिला घाव घातला असता. फोडा जी तुम्ही."

बाबलोने हे ऐकलं असणार. तो पहार घेऊनच आत आला. सरा बाजूला, म्हणाला, दोन घावात काम होतं. मी कपाटाला पाठ लावून उभा राहिलो. बाबलो माझ्याहून लहान, पण लहानपणापासून माझी टर उडवत आलेला. त्या दिवशीही त्याला दुसरं बोलणं सुचलं नसावं.

"मेस्त्री तुमी, आणि लाकडाक भितास?"

मागून वहिनी आली. तिच्या हातात तिची स्वतःची नवी साडी होती, हिरवीच. गणपतीला नेसायची म्हणून घेतलेली. ती साडी तिने माझ्यासमोर धरली.

"हीच नेसवया. घडी मोडूक नाय. मी काय तिका परकी? तिचा म्हायेर मीच समजा."

कपाट तिने लावलं होतं, त्याचं तिला काय होत होतं ते तिच्या तोंडावर दिसत होतं. तिची साडी घेतली असती तर तिला बरं वाटलं असतं. गावानेही नाव ठेवलं नसतं. बऱ्याच घरी असंच करतात. कुणी शेजारीण माहेर होते आणि काम भागतं. मी बाबलोकडे बघितलं, वहिनीकडे बघितलं. मग बाबलोच्या हातातली पहार घेतली.

पहारीचं टोक मी दोन दारांच्या मध्ये टेकवलं. हातोडा बाबलोने धरला होता. तो माझ्या खुणेची वाट बघत होता. मला खूण करता येईना. सासऱ्यांनी त्या जागेवर पॉलिश मारलेलं होतं आणि कला रोज तिथेच हात लावून दार उघडायची, त्यामुळे तो पट्टा काळसर आणि गुळगुळीत झाला होता. पहारीचं टोक त्यावरून घसरत होतं. मी ते परत टेकवलं. परत घसरलं. बाबलो म्हणाला, धरा नीट. मी पहार खाली ठेवली.

तेव्हा माझी नजर बिजागरीवर गेली.

इतका वेळ मी लाकडाशी भांडत होतो. बिजागऱ्या लोखंडाच्या होत्या. डाव्या दाराला तीन. स्क्रू आतल्या बाजूला, पण बिजागरीची नळी आणि तिच्यातली खीळ बाहेर. ती खीळ काढली की दार त्या बाजूने मोकळं. मग दोन दारं मध्ये कितीही रुतलेली असोत. हे मला सकाळीच दिसायला हवं होतं. आयुष्यभर मी हेच केलं होतं, मशीन अडलं की ते उघडतं कुठून ते आधी बघायचं.

मी पलंगाखालची हत्यारांची पेटी ओढली. रॉकेल, पंच, हातोडा, हॅकसॉ. खाऱ्या हवेने खिळी नळीत गंजून एकजीव झाल्या होत्या. रॉकेल घातलं, थांबलो, खालून पंच लावून ठोकलं. वरची खीळ बऱ्याच वेळाने एका धक्क्यात वर आली. मधली येईना. तिची नळीच हॅकसॉने कापायला घेतली. ब्लेड तुटलं. दुसरं लावलं. बाबलोने बॅटरी धरली होती. वहिनी साडी छातीशी धरून उभीच होती. बाहेर बायकांनी पाणी तापत ठेवलं होतं. मधली नळी कापून झाली तेव्हा माझ्या हाताला रक्त होतं आणि ते कुठून येतंय ते बघायला मी थांबलो नाही.

खालच्या खिळीला रॉकेल घातलं आणि बाहेर गाडी आली.

गाडीचा आवाज, मग बायकांचं रडणं, मग माणसं तिला उतरवून घेताहेत ते आवाज. बाबलो बॅटरी वहिनीच्या हातात देऊन बाहेर धावला. मलाही जायला हवं होतं. मी पंच लावला आणि ठोकत राहिलो. फिटरच्या नोकरीत सवय असते, अर्धं काम सोडून उठायचं नाही. पण ती सवय नव्हती. बाहेर गेलो असतो तर मला तिच्याकडे बघावं लागलं असतं.

वनिता आत आली. पावसाने भिजली होती. तिने माझ्याकडे बघितलं, कपाटाकडे बघितलं.

"बाबा, आईला आत घेताहेत."

"एकच राहिलीय," मी म्हटलं.

ती येऊन माझ्या शेजारी गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी दार दाबून धरलं, हलू नये म्हणून. मी ठोकलं. ती डोळे मिटून घ्यायची आणि उघडायची. खीळ थोडी वर आली, मग पकडीने धरून मी ती पिळून काढली. बिजागरीच्या बाजूने पाना घातला आणि जोर दिला. आधी काही झालं नाही. मग करकर करत दार त्या बाजूने सुटलं, मधली पकड गेली, आणि सगळं दार वनिताच्या अंगावर आलं. आम्ही दोघांनी ते झेललं आणि भिंतीला टेकवून ठेवलं.

आत कोरडं होतं. वेखंडाचा वास आला. त्या घरात त्या दिवशी तेवढीच एक कोरडी जागा होती.

गाठोडं वरच्या खणात होतं. वनिताने सोडलं. हिरवी साडी, काठ जसेच्या तसे. तिच्याखाली आणखी काहीतरी पांढरं होतं, एक टोपी आणि त्यात घडी करून ठेवलेला दुपट्टा. टोपी नवी होती. वहिनीने विचारलं, हे कोणाचं. मी म्हटलं, माहीत नाही. तेव्हा ते विचारायची वेळ नव्हती. साडी वहिनीच्या हातात दिली आणि बाकीचं परत बांधून खणात ठेवलं. वहिनी स्वतःची साडी तिथेच पलंगावर टाकून धावली.

मग मी बाहेर गेलो. बायकांनी आडोसा धरला होता. तो काढल्यावर कला त्या साडीत होती. रंग तिला चांगला दिसत होता. वेळेत निघालो. परत येताना वाटेवर पाणी पावलांना लागत होतं.

मारोती सांगितल्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी आला. आल्यावर आधी त्या खोलीत गेला आणि भिंतीला टेकलेलं दार बघत उभा राहिला. बिजागरीच्या कापलेल्या तुकड्यावरून त्याने बोट फिरवलं. मग दाराच्या कडेवर अंगठा चालवला, खालपासून वरपर्यंत.

मी त्याला म्हटलं, तू आलाच आहेस तर रंधा मार आणि बसवून जा.

तो म्हणाला, "पावसात रंधा मारत नाहीत. आता तासलं तं उन्हाळ्यात इथून मांजर जाईन." थोड्या वेळाने म्हणाला, "बाबाले कुठे माहीत होतं, बाई समुद्राकाठी जाईन म्हणून. नाही तं त्यांनी फट सोडली असती."

तो चौदाव्यापर्यंत राहिला. दिवसवारे, म्हणजे दहावं-तेरावं, झाले. चौदाव्या दिवशी दुखवटा काढायचा होता. आमच्याकडे त्या दिवशी सासरचा माणूस, म्हणजे बायकोच्या माहेरचा, तिच्या नवऱ्याला पाटावर बसवतो, डोक्यावर टोपी ठेवतो, खांद्यावर वस्त्र घालतो. मग गोडाचा घास. तेवढं झालं की सुतक, दुखवटा सगळं संपतं आणि माणूस परत कामाला लागतो. मारोती घाईत अंगावरच्या कपड्यांनी निघाला होता. सकाळी त्याच्या लक्षात आलं की टोपी आणायची राहिली. तो ओशाळा होऊन म्हणाला, वेंगुर्ल्याला जाऊन घेऊन येतो. तेवढ्यात वनिता आतून ते फडक्यातलं गाठोडं घेऊन आली. आईच्या साडीखाली हे होतं, म्हणाली, हे चालेल का.

मारोतीने टोपी हातात घेतली, आत बघितलं, आणि तिथेच बसला.

"हे तं मीच देलं होतं बाईले. दोन दिवाळ्यांमागे आली तवा मागून घेतलं." त्याने माझ्याकडे बघितलं नाही. टोपीकडे बघूनच बोलत होता. "मी म्हटलं, काऊन? तं म्हणे, मी गेली तं तू रडत रडत येशील, मोकळ्या हातानं येशील. अन् हे बसतील उघड्या डोक्यानं. डोक्याचं मापही तिनंच सांगितलं जी. माझ्यासमोर दुकानात दोऱ्यानं मोजून देलं, दोरा घरून आणला होता."

वहिनी शिरा घेऊन उभी होती. पाट मांडलेला होता. मी त्यावर बसलो. मारोती डोळे पुसून पुढे आला आणि दोन्ही हातांनी टोपी माझ्या डोक्याशी आणली. ती माझ्या कपाळाला लागली. दोन आठवडे त्या कपाटाला दार नव्हतं, त्यामुळे बाहेरची हवा तिलाही लागली होती. कापड मऊ पडलं होतं, धार गेली होती.

मी हात वर करून त्याचा हात धरला.

"सादळलीय," मी म्हटलं. "ऊन पडलं की चांगली वाळवतो, मग घाल."

मारोती तसाच वाकून राहिला. वनिता म्हणाली, बाबा. वहिनी म्हणाली, अहो, नुसती टेकवायची असते. मी पाटावरून उठलो. बाहेर पाऊस चालू होता, आणि मी जे म्हटलं ते खोटं नव्हतं. टोपी खरंच सादळली होती.

मारोती पौषात परत आला. तेव्हा हवा कोरडी होती आणि दारं पूर्ण आकसलेली. त्याने नव्या बिजागऱ्या लावून डावं दार बसवलं आणि रंध्याला हात न लावता परत गेला. दोन दारांच्या मध्ये पोस्टकार्ड गेलं नाही. त्याने टोपीचं विचारलं. मी म्हटलं, पुढच्या वेळी. पुढच्या काही वर्षी तो फोनवर विचारायचा. आता त्याचे गुडघे गेलेत, एवढा प्रवास त्याला झेपत नाही, आणि तो विचारतही नाही. वहिनी अजून म्हणते, घरात एवढी वर्षं दुखवटा ठेवू नये. तिने तेव्हा पलंगावर टाकलेली साडी परत नेली नाही. वनिताने ती नेसली आणि वहिनीला दाखवायला गेली तेव्हा दोघी पायरीवर बसून बराच वेळ रडल्या.

पावसाळ्याआधी मी खालच्या खणात कोळसा भरतो, वर वेखंड ठेवतो, दारांच्या मध्ये गोणपाट घालतो. वैशाखात सगळे कपडे अंगणात उन्हात देतो, त्यात ती टोपी आणि दुपट्टाही असतो. संध्याकाळपर्यंत टोपी कडक वाळते. मग ती घडी करून परत फडक्यात बांधतो.

कलाचं सगळं तिच्या मनासारखं झालं. माझा दुखवटा काढायचा राहिला आहे.